आजारी कुत्र्याला हवं हक्काचं एक माणूस

सोसायटीच्या गेटपाशी रोज दिसणारा कुत्रा दोन दिवस दिसत नाही. तिसऱ्या दिवशी कुणाला तरी तो जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांमागे नाहीतर पंपाच्या खोलीशेजारी अंग मुडपून पडलेला सापडतो. डोळ्यांत चिपडं, नाक गच्च, समोर टाकलेल्या बिस्किटांना मुंग्या लागलेल्या. नालासोपाऱ्याच्या चाळी असोत, वसई पूर्वेचे औद्योगिक गाळे असोत की निर्मळ-भुईगावच्या वाड्या, आपल्या भागात हे नवं नाही. मग कुणीतरी फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकतं आणि खाली लिहितं, 'कोणीतरी बघा प्लीज.' लोकांना वाईट वाटतं, आणि ते खोटं नसतं. पण पुढे कुणी व्हायचं हे ठरत नाही आणि कुत्रा तिथेच पडून राहतो.

हा लेख त्या 'कोणीतरी'साठी आहे. मरणाच्या दारातून परतलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या गोष्टी आपण ऐकतो तेव्हा 'प्रेमानं बरा झाला' असं सहज म्हणून जातो. ते खरं आहे, पण त्यातलं प्रेम म्हणजे नेमकं काय, हे सांगायचं राहून जातं. प्रेमानं विषाणू मरत नाही, रक्तातले जंतू जात नाहीत. त्याला डॉक्टर आणि औषधच लागतं. पण डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी रोज ठरल्या वेळी त्या कुत्र्याच्या पोटात जावी, त्यानं अन्नाला तोंड लावावं, सुई टोचताना त्यानं हात फोडू नये, रात्री तो उठून नाल्याच्या पलीकडे निघून जाऊ नये, यासाठी एक ओळखीचं माणूस लागतं. आज हा, उद्या तो, असं चालत नाही. किमान महिनाभर रोज तेच माणूस हवं.

रस्त्यावरच्या कुत्र्याच्या बाबतीत ही ओळख आयती मिळत नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा यांचा गट भटक्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. त्यांनी पश्चिम बंगालमध्ये पिल्लांचा माग ठेवला तेव्हा शंभरातली जेमतेम एकोणीस पिल्लं सातव्या महिन्यापर्यंत पोचतात असं दिसलं, आणि निम्म्याहून जास्त मृत्यूंमागे कुठल्या ना कुठल्या प्रकारे माणूस होता. म्हणजे तुमच्या गल्लीत जो मोठा झालेला कुत्रा दिसतो, तो माणसापासून सावध राहायला शिकलेला म्हणूनच उरलेला असतो. आजारी पडल्यावर तो आडोशाला जातो आणि जवळ येणाऱ्या हातावर गुरगुरतो. त्यात कृतघ्नपणा नाही, त्याचा आजवरचा अनुभव आहे.

याच गटाचा २०१७ सालचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. अनोळखी माणसांनी रस्त्यावरच्या काही कुत्र्यांना पुन्हापुन्हा भेटून खाऊ दिला आणि काहींना फक्त कुरवाळलं. काही भेटींनंतर कुरवाळलेल्या कुत्र्यांचा माणसावरचा विश्वास खाऊ मिळालेल्यांपेक्षा जास्त वाढलेला दिसला. अर्धपोटी राहणाऱ्या प्राण्याबद्दल आपण असं सहसा समजत नाही. आपण बिस्किटाचा पुडा फोडतो आणि पुढे जातो. दोन मिनिटं खाली बसून हात पुढे केला असता, तर त्याला जास्त मिळालं असतं. जपानमधल्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे प्रेमानं बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि बाळाच्या नात्यात काम करणारं हेच संप्रेरक. उलट भीतीनं ताठरलेल्या प्राण्याची भूक मरते, झोप उडते, आणि दुखण्याशी लढायची त्याची ताकदही घटते. सोबतीचा उपयोग होतो तो इथे.

हात लावण्याआधी

तरीही धावत जाऊन मिठी मारायची नाही. पहिला विचार रेबीजचा करायचा. जबडा लोंबतोय, तोंडातून सतत लाळ गळतेय, आवाज बदललाय, चाल लटपटतेय, समोर येईल त्याला विनाकारण चावतोय, यातलं काहीही दिसलं तर हात लावू नका. मुलांना आणि इतर कुत्र्यांना लांब ठेवा, शक्य असेल तर त्या जागेचं फाटक लावून घ्या आणि महापालिकेला कळवा. डिस्टेंपर हा विषाणूचा आजार झालेला कुत्राही कधी कधी असाच दिसतो, पण तो फरक डॉक्टरनं करायचा, आपण नाही. रेबीजची लक्षणं सुरू झालेला कुत्रा साधारण दहा दिवसांच्या आत मरतोच. तिथे शुश्रूषेला वाव नाही.

चावा बसला, ओरखडा उठला, किंवा उघड्या जखमेवर लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लसीचा पहिला डोस घ्यायचा. जखम खोल असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन हवं का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. ज्यांना हे काम वरचेवर करायचं आहे त्यांनी रेबीजची लस आधीच टोचून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. हातमोजेही घरात हवेत.

धोका दिसत नसेल तर जवळ जायची एक रीत आहे. समोरून, ताठ उभं राहून, डोळ्याला डोळा भिडवून जाऊ नका. बाजूनं जा, थोडं लांब खाली बसा, आवाज खाली ठेवून बोलत राहा. हात डोक्यावरून नेऊ नका, वरून येणारा हात त्याला मारायला उचलल्यासारखा वाटतो. मूठ सैल ठेवून हुंगू द्या, मग हनुवटीखाली किंवा छातीशी हलकं खाजवा आणि थांबा. तो अंग टेकवतो का, की मान वळवतो? मान वळवली, ओठ चाटले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, तर अजून वेळ आहे. पहिल्या दिवशी नुसतं शेजारी बसून परत यावं लागलं, तरी तो वेळ फुकट गेला असं समजू नका. मात्र धाप लागलीय, रक्त जातंय, झटके येतायत, तर ओळखीची वाट न बघता जाड चादर टाकून उचलायचं आणि निघायचं. तोंडाला पट्टी बांधणार असाल तर उलट्या करणाऱ्या किंवा धापा टाकणाऱ्या कुत्र्याला ती बांधू नका, तो गुदमरतो.

डॉक्टरकडे

वसई, नालासोपारा, विरार, तिन्हीकडे आता खासगी पशुवैद्य आहेत. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक मुख्यतः गुराढोरांसाठी असला, तरी जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना विचारायला तो उपयोगी पडतो. मोठ्या आजाराला मुंबई गाठावी लागते. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांवर उपचार करतं आहे, मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच आवारात आहे, आणि २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालयही सुरू झालं आहे. पण आपल्याकडून निघालं की महामार्गाची कोंडी आहे. अर्धमेल्या कुत्र्याला घेऊन दोन-तीन तास गाडीत अडकण्यापेक्षा आधी इथल्याच डॉक्टरकडून सलाईन लावून त्याला सावरा, मुंबईच्या रुग्णालयाला फोन करून विचारा आणि मगच निघा.

डॉक्टरला काय सांगायचं, हे त्या माणसालाच ठाऊक असतं ज्यानं कुत्रा पाहिलेला असतो. केव्हापासून खात नाही, उलटी कशी, जुलाबात रक्त आहे का, लघवीचा रंग कसा, अंगावर गोचीड आहेत का, कानाला निर्बीजीकरणाची खूण आहे का. हिरडी बोटानं दाबून बघा. निरोगी हिरडी गुलाबी असते आणि दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत येतो. ती पांढुरकी दिसली तर रक्त कमी आहे, पिवळी दिसली तर कावीळ आहे, आणि दोन्ही वेळी उद्यावर ढकलू नका. तापाबद्दल एक गैरसमज मात्र काढून टाका. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा मुळातच गरम असतं. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान. ते पाहून घाबरून घरातली क्रोसिन त्याला देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन ही आपली रोजची औषधं कुत्र्याच्या यकृताची, पोटाची, मूत्रपिंडाची हानी करू शकतात.

घरगुती उपायांनीही आपल्याकडे पुष्कळ कुत्रे दगावतात. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडल्या की कुणी फिनेल ओततं, कुणी रॉकेल, कुणी पेट्रोल. अळ्या मरतात, पण कातडी जळते आणि चाटल्यावर ते विष पोटात जातं. प्राण्यांच्या जखमेचा फवारा औषधाच्या दुकानात मिळतो. तो मारून थोड्या वेळानं चिमट्यानं अळ्या काढायच्या, आणि हे रोज, जखम स्वच्छ होईपर्यंत करायचं. खरजेवर गाडीचं जळकं ऑइल फासायची पद्धत तर आता बंदच व्हायला हवी. खरजेवर डॉक्टरच्या सल्ल्यानं द्यायच्या गोळ्या मिळतात आणि टक्कल पडलेल्या कुत्र्यांना काही आठवड्यांत केस येताना दिसतात.

गोचीड ताप

आपल्या भागात सर्वांत जास्त छळतो तो गोचीड ताप. तपकिरी गोचीड झाडीपेक्षा इमारतीत सुखानं राहतं. पार्किंगच्या भिंतीच्या भेगा, लाद्यांच्या फटी, लिफ्टशेजारचा कोपरा, तिथे ते हजारोंनी अंडी घालतं. त्याच्या चाव्यातून एर्लिकिया, बबेसिया असे जंतू रक्तात जातात. ताप येतो, भूक जाते, हिरड्या फिकट पडतात, कधी नाकातून रक्त येतं. बबेसियात लघवी काळपट चहासारखी होते. एर्लिकियावर साधारणपणे चार आठवडे डॉक्सिसायक्लिन दिलं जातं. दोन-तीन दिवसांत कुत्रा उठून शेपूट हलवायला लागतो, आणि त्याच वेळी धोका असतो. 'बरा झाला' म्हणून पाचव्या दिवशी गोळ्या थांबतात, जंतू अंगात दबून राहतात आणि काही महिन्यांनी आजार पुन्हा उठतो. त्या वेळी रक्तच बनेनासं झालेलं असू शकतं. उरलेले तेवीस दिवस रोज त्या कुत्र्याला शोधून गोळी देणारं माणूस नसेल, तर पहिल्या पाच दिवसांचा खर्च आणि कष्ट दोन्ही वाया.

ही गोळी उपाशी पोटी नको, ती घशाला चिकटून अन्ननलिकेला जखम करते. उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात दाबून द्या आणि वर दोन घास भात. दूध-दह्यात घालून मात्र देऊ नका, औषध नीट शोषलं जात नाही.

रक्त फार कमी झालं तर कुत्र्यालाही रक्त चढवावं लागतं, हे जून २०२४ मध्ये साऱ्या मुंबईला कळलं. महालक्ष्मीच्या रुग्णालयात सात महिन्यांचा एक कुत्रा गोचीड तापाच्या शंकेनं आणि जिवावर बेतलेल्या रक्तक्षयानं दाखल होता. रतन टाटांनी स्वतः मुंबईकरांना साद घातली, या कुत्र्याला रक्तदाता हवा आहे. दाता कसा असावा तेही त्यांनी लिहिलं होतं. वय एक ते आठ वर्षं, वजन पंचवीस किलोंच्या आसपास किंवा जास्त, लसी आणि जंताची औषधं पूर्ण, मोठा आजार नाही, सहा महिन्यांत गोचीड-पिसवांचा त्रास नाही. लोकांनी आपापले कुत्रे पुढे केले आणि दात्या कुत्र्यांची नावानिशी ओळख करून देऊन टाटांनी त्यांचे आभार मानले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले. त्या वेळी ८६ वर्षांचा एवढा मोठा उद्योगपती एका कुत्र्यासाठी सार्वजनिकपणे हात पसरतो, यातून घेण्यासारखं आहे ते हेच की मागायला लाजू नये. वसई-विरारमध्ये धडधाकट लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड पाळणारी घरं पुष्कळ आहेत. तुमचा कुत्रा वरच्या अटींत बसत असेल तर त्याचं वजन आणि तुमचा फोन नंबर जवळच्या पशुवैद्याकडे आजच लिहून ठेवा. अशी एक यादी प्रत्येक दवाखान्यात टांगलेली असली पाहिजे.

डिस्टेंपर आणि शुश्रूषेचा खरा कस

सोबतीचं मोल सर्वांत जास्त कळतं ते डिस्टेंपरमध्ये. हा माणसाच्या गोवराच्या कुळातला विषाणू, माणसाला होत नाही, पण लस न घेतलेल्या कुत्र्यांत झपाट्यानं पसरतो. आधी ताप आणि डोळ्या-नाकातून पू, मग खोकला, जुलाब, आणि काहींमध्ये मेंदूवर परिणाम होऊन जबडा चावल्यासारखा हलत राहतो, पाय उडतात, झटके येतात. विषाणू मारणारं हमखास औषध अजून नाही. सलाईन, इतर जंतूंसाठी प्रतिजैविकं, झटक्यांवर औषध, आणि बाकी सगळं शुश्रूषेवर. बरेच कुत्रे जातात. पण काही वाचतात, आणि वाचलेल्यांपैकी काहींचा एखादा पाय किंवा डोकं आयुष्यभर थोडं उडत राहतं, तरी ते खातात, पितात, खेळतात. अंग सावरल्यावर एक ते तीन आठवड्यांनी झटके सुरू होऊ शकतात, म्हणून ताप उतरला की पाठ फिरवायची नाही.

कुत्रा आधी नाकानं जेवतो. नाक पुवानं बंद झालं की पुढे मटण ठेवलं तरी त्याला ते कळत नाही. म्हणून प्रत्येक जेवणाआधी कोमट पाण्यात कापूस बुडवून डोळे आणि नाक मोकळं करा. दर पुसण्याला कापूस बदला. अन्न किंचित कोमट असू द्या, वास जास्त सुटतो. मऊ गिजवलेला भात, हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, त्याचं अळणी पाणी, शिजवलेला लाल भोपळा, एखादं उकडलेलं अंडं. कांदा, लसूण, मीठ, मसाला नको. दूध बहुतेक मोठ्या कुत्र्यांना पचत नाही आणि जुलाब वाढतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट तर कधीच नाही. फार हाडकुळा झालेला कुत्रा असेल तर दयेपोटी ताट भरून वाढू नका. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम अन्न मिळालं तर रक्तातल्या क्षारांचा तोल ढासळून तो मरूही शकतो. दिवसातून पाच-सहा वेळा, दोन-चार घास, आणि आठवडाभरात हळूहळू वाढवत न्या.

खात नसेल तर पहिले दोन घास हातावर घेऊन द्या. बोटाला थोडं चिकनचं पाणी लावून त्याच्या ओठाला लावा. पुष्कळ कुत्रे वाटीतलं खात नाहीत, पण ओळखीच्या हातावरचं चाटतात. पाणी पाजताना मान वर करून घशात ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, आणि चांगल्या मनाच्या माणसांकडूनही हे नेहमी घडतं. डोकं सरळ ठेवून, सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं थोडं थोडं, आणि त्यानं गिळलं की मगच पुढचं. सतत उलट्या होत असतील किंवा तो शुद्धीत नसेल तर तोंडानं काहीच नको, थेट डॉक्टर.

उठता न येणाऱ्या कुत्र्याची कूस दर तीन-चार तासांनी बदलावी लागते, नाहीतर कमरेवर आणि खुब्यावर जखमा होतात. खाली लाकडी फळी किंवा भाजीचा प्लास्टिकचा क्रेट, त्यावर पोतं आणि जुनी चादर. आपल्याकडच्या पावसात जमिनीवरचं अंथरूण तासाभरात ओलं होतं. लघवीनं भिजलेली जागा लगेच पुसा, कातडी सोलवटते. पाय हलकेच वाकवा, सरळ करा, पंजे चोळा. हे करताना त्याच्याशी बोला. काय बोलता याला महत्त्व नाही, आवाज रोज तोच असावा. एक वही ठेवा आणि तीत वेळ, घास, पाणी, लघवी, शौच, ताप, औषध एवढंच लिहा. डॉक्टरला ती वही दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगते, आणि घरात दोघं मिळून करत असतील तर गोळी दोनदा पडत नाही.

औषध-जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं काहीही न करता शेजारी बसा. मला हा भाग सगळ्यांत गरजेचा वाटतो आणि तोच सगळ्यांत आधी गाळला जातो. तुम्ही दरवेळी फक्त सुई आणि गोळी घेऊन गेलात, तर तुमचा वास म्हणजे दुखणं, असं तो शिकेल आणि चौथ्या दिवशी तुम्हाला बघून लपेल. काही न मागता बसणारं माणूस त्याला हवं असतं. मुलांना आवड असेल तर त्यांना लांबून गोष्ट वाचून दाखवू द्या, पण आजारी कुत्र्याला मिठ्या नकोत, गर्दी नको, फोटोसाठी उचलणं तर नकोच. झोप हेही औषधच आहे.

घरात दुसरा कुत्रा असेल तर महिनाभर तरी दोघांना वेगळं ठेवा, आजारी कुत्र्याकडून आल्यावर कपडे बदला, हात साबणानं धुवा. डिस्टेंपरचा विषाणू साबण आणि ऊन सोसत नाही. पिल्लांना रक्ताचे जुलाब करणारा पार्वो मात्र चिवट आहे, जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. त्यासाठी एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी करून फरशीवर दहा मिनिटं राहू द्यावं लागतं. आणि ज्या कोपऱ्यात पार्वोचं पिल्लू होतं तिथे बिनलशीचं दुसरं पिल्लू आणून ठेवू नका.

एक कठीण गोष्टही इथेच सांगते. झटके औषधांना दाद देत नसतील, कुत्रा वेदनेनं सतत ओरडत असेल, तर डॉक्टर त्याला शांतपणे जाऊ देण्याचा सल्ला देऊ शकतात. दोन डॉक्टरांचं मत घ्या. मत तेच आलं तर हट्ट धरू नका, आणि त्या वेळी खोलीबाहेर थांबू नका. आत, त्याच्या डोक्यावर हात ठेवून थांबा.

पुराचं पाणी

वसई-विरारला आणखी एक काळजी आहे. जुलै २०१८ मध्ये आपली शहरं कशी पाण्यात गेली, मिठागरातली माणसं कशी अडकली, नालासोपाऱ्यात रूळ कसे बुडाले, हे कुणी विसरलेलं नाही. पुराच्या पाण्यात उंदरांची लघवी मिसळते आणि त्यातून लेप्टो होतो, माणसालाही आणि कुत्र्यालाही. कुत्र्यात ताप, उलट्या, अंग आखडणं, पिवळे डोळे, लघवी कमी होणं दिसलं तर हातमोज्यांशिवाय त्याची लघवी पुसू नका, जागा ब्लीचनं धुवा, आणि तुम्हाला ताप आला तर तुमच्या डॉक्टरला कुत्र्याबद्दल आवर्जून सांगा. गावठाणात बावखलं, म्हणजे छोटी तळी, आहेत तिथले कुत्रे तुंबलेलं पाणी पितात. फाटकापाशी स्वच्छ पाण्याचं एक भांडं ठेवलं आणि रोज बदललं, तर तेवढा धोका कमी होतो.

सोसायटी आणि कायदा

आजारी कुत्रा आवारात ठेवला की वाद होणारच. भांडून तो सुटत नाही. तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याच्या मनात बहुधा लहान मूल असतं आणि ती भीती खरी असते. त्याला डॉक्टरचा कागद दाखवा, रेबीजची लस कधी टोचली ते सांगा, किती दिवस ठेवणार ते सांगा, आणि जागा रोज स्वतः धुवा. दोन-तीन घरांनी खर्च वाटून घेतला तर विरोध निम्मा होतो. कायदा गरजेपुरता माहीत असू द्या. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार कुत्र्यांना खायला घालण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब, ठरवून द्यायची असते. निर्बीजीकरण आणि लस झालेला कुत्रा त्याच्या मूळ जागी सोडावा, आक्रमक किंवा रेबीजग्रस्त सोडू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानं शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातले कुत्रे मात्र तिथे परत सोडता येत नाहीत. स्टेशनवरचा कुत्रा बरा केलात तर त्याच्या पुढच्या जागेचा विचार आधीच करा. प्राण्याला मारणं किंवा अपंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

बरा झाल्यावर काय, हा प्रश्न आजारपणातच सुटायला हवा. महिनाभर एका माणसाच्या हाताला सवयलेला कुत्रा एकदम अनोळखी भागात सोडणं मला क्रूर वाटतं. त्याची गल्ली तीच असेल, खायला घालणारं माणूस तेच असेल, तर तो आनंदानं रस्त्यावर राहतो. आंधळा, लंगडा किंवा झटके येणारा असेल तर घर शोधावं लागेल, आणि घर देताना त्याचं दुखणं लपवू नका. तब्येत सुधारली की डॉक्टरला विचारून निर्बीजीकरण आणि लसी उरकून घ्या.

आणि हे सगळं वाचूनही वेळ नाही, जागा नाही, पैसा नाही असं वाटत असेल, तर एवढं एक करा. पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून डिस्टेंपर, पार्वो आणि लेप्टोची एकत्रित लस सुरू करून चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं द्यायची असते, तीन महिन्यांना रेबीजची, आणि मग डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. तुमच्या गल्लीत किती कुत्रे आहेत ते मोजा, चार घरांकडून वर्गणी काढा, आणि मे महिना संपायच्या आत, पहिला पाऊस येण्यापूर्वी, डॉक्टरला गल्लीतच बोलवून सगळ्यांना लस टोचून घ्या.